परदेशातून थेट घाटमाथ्यावर: तीन पावसाळ्यांनंतर

डोंगरकोपरा | शनिवार, रात्री १०:१५

इथे दर दोन-तीन महिन्यांनी 'परत यावं का?' असा एखादा धागा निघतो आणि चर्चा पुणे की बंगळूर, शाळा कुठली, पगार किती यावरच फिरत राहते. आमचं प्रकरण थोडं वेगळं. सतरा वर्षं जर्मनीत, त्यातली बारा स्टुटगार्टला, आणि तिथून पुण्यात न थांबता सरळ गावी. गाव म्हणजे सातारा जिल्हा, जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांच्या हद्दीवर, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या वरच्या अंगाला. सत्तावीस उंबरे, त्यातल्या अकरांना कुलूप. मार्च २०२३ला आलो. व्यनितून (खाजगी निरोपातून) चार-पाच जणांनी विचारलं, प्रत्येकाला तेच तेच लिहिण्यापेक्षा एकदाच इथे लिहितो.

आधी माझा गाढवपणा सांगतो, कारण बाकीचं सगळं त्याच्यापुढे किरकोळ आहे.

जुनं घर आजोबांच्या वेळचं. जांभ्याच्या चौथऱ्यावर मातीच्या भिंती, वर कौलं, मागे लगेच डोंगर. मला गाडी लावायला आणि कामाची एक खोली काढायला सपाट जागा हवी होती. मे महिन्यात जेसीबी आणला. दीड दिवसात मागच्या उताराला नऊ-दहा फुटांचा उभा काप घेतला. शेजारचे आप्पा, वडिलांचे चुलतभाऊ, वय ८१, संध्याकाळी बघायला आले. काही बोलले नाहीत. चप्पल काढून पायाच्या अंगठ्यानं कापाची माती उकरली, हातात घेऊन चुरली आणि म्हणाले, "डोंगराचा पाय तोडलास की रं." मला ते म्हातारपणीचं बोलणं वाटलं. मी इंजिनीअर. दिवाळीनंतर दगडाची भिंत बांधू, निचऱ्याला पाइप टाकू, सगळं डोक्यात तयार होतं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, इर्शाळवाडीवर दरड कोसळल्याची बातमी आली त्याच आठवड्यात, रात्री अडीचच्या सुमारास स्वयंपाकघराच्या मागे कुणीतरी भाताची पोती टाकावीत तसे आवाज आले. एक, मग दोन-तीन एकदम. सकाळी बघतो तर तीन ट्रॉल्या भरतील एवढी लाल माती भिंतीला टेकलेली आणि कापाच्या वरचं फणसाचं झाड घराकडे कललेलं. मागच्या खोलीत गळत होतं म्हणून आम्ही तिघं पुढच्या पडवीत झोपलो होतो. गळक्या कौलांनी वाचवलं, माझ्या इंजिनीअरिंगनं नाही.

हे असं का होतं ते नंतर शिकलो. आमच्याकडे डोंगराच्या माथ्यावर जांभा, खाली काळा पाषाण आणि मधे चिकणमातीचा थर. पाणी जांभ्यातून झिरपत खाली येतं, मातीवर अडतं आणि आडवं वाट शोधतं. जिथे वाट सापडते तिथे झरा फुटतो. उताराचा पायथा आपण कापून ठेवला असेल तर तिथे झऱ्याऐवजी डोंगरच बाहेर येतो. गावातलं एकही जुनं घर उतार कापून बसवलेलं नाही, सगळी सोंडेवर आहेत, हे मी चाळीस वर्षं बघत होतो आणि कधी 'का' विचारलं नव्हतं.

तर माझं म्हणणं एवढंच: काहीही बांधण्याआधी, तोडण्याआधी, खणण्याआधी एक अख्खा पावसाळा तिथे राहून काढा. भाड्यानं राहा, चुलत्याच्या पडवीत राहा, पण राहा. मेमधलं महाबळेश्वर बघून निर्णय घेणं म्हणजे लग्नाच्या मांडवात बघून मुलगी पसंत करण्यासारखं आहे.

कागदपत्रं, पैसे, शाळा यावर विचारा, सांगतो.

-----

रिकामाडबा | शनिवार, रात्री ११:०२

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. फणसाचं झाड वाचलं का?

-----

डोंगरकोपरा | शनिवार, रात्री ११:२०

वाचलं. अजून तिरकंच आहे आणि त्या बाजूला जास्त फणस धरतात.

-----

सुगरणपक्षी | रविवार, सकाळी ८:४०

छान लिहिलंय. आम्ही न्यू जर्सीत आहोत, दोघांनीही अमेरिकन नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आहे. भोर-वेल्ह्याकडे दोन-तीन एकर घेऊन फार्महाऊस बांधायचा विचार आहे. एजंट म्हणतो ओसीआयला सगळं चालतं. खरं का?

-----

हिशेबनीस | रविवार, सकाळी ९:५५

सुगरणपक्षी, एजंट बदला.

ओसीआय असो की एनआरआय, फेमाच्या (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या) नियमांनुसार भारतात शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. फ्लॅट, बंगला, दुकान चालतं. शेतजमीन वारसानं मात्र मिळू शकते. पुढे ती विकायची झाली तर फक्त भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच.

आणि समजा तुम्ही भारतीय नागरिक म्हणून कायमचे परत आलात, तरी महाराष्ट्रात दुसरा अडसर आहे. १९४८च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन घ्यायला आधी स्वतः शेतकरी असावं लागतं. वडिलोपार्जित सातबाऱ्यावर नाव असेल तर प्रश्न नाही. नसेल तर गावठाणातली जागा किंवा रीतसर बिनशेती झालेला प्लॉट बघा. 'आत्ता घ्या, बिनशेती नंतर करून देतो' हे वाक्य ऐकलं की उठून चहा न पिता निघा.

धागाकर्त्यासाठी: मार्चमध्ये आलात ते उत्तम केलंत. २०२२-२३ साली तुम्ही अनिवासीच राहिलात, पुढची दोन वर्षं 'निवासी पण सामान्यतः निवासी नाही', म्हणजे आरएनओआर. त्या काळात परदेशातलं व्याज, भाडं यावर इथे कर नाही. २०२५-२६ पासून मात्र जगभरातलं उत्पन्न इथल्या विवरणपत्रात दाखवावं लागेल आणि परदेशी मालमत्तेचा तक्ताही भरावा लागेल. तो तक्ता लोक विसरतात. दंड दहा लाखांपर्यंत जातो. एनआरई खातं (अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं) परत आल्यावर निवासी करून घ्यायचं असतं. एफसीएनआर, म्हणजे अनिवासींची परकीय चलनातली ठेव, मुदत संपेपर्यंत ठेवता येते.

-----

डोंगरकोपरा | रविवार, सकाळी ११:३०

हिशेबनीस, हे मला तीन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर! एका बँकेच्या शाखेत एनआरई खातं बदलून घ्यायला मी चार खेपा घातल्या. तिथल्या साहेबांना वाटत होतं की मी काहीतरी लपवायला आलोय. 'लोक तर एनआरई तसंच ठेवतात, तुम्ही कशाला?' असं विचारलं त्यांनी.

जर्मनीतल्या पेन्शनबद्दल दोघांनी व्यनि केला आहे. तिथे साठ महिने वर्गणी भरलेली असेल तर ठरलेल्या वयाला पेन्शन लागू होतं आणि ते भारतात राहूनही मिळतं. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू आहे. अमेरिकेशी आपला असा करार नाही, त्यामुळे अमेरिकावाल्यांनी आपापलं गणित वेगळं मांडावं.

सातबारा. आमच्या सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातली चार माणसं हयात नाहीत. एक नाव माझ्या पणजोबांच्या भावाचं, जे १९६०च्या दशकात कोयनेचं पाणी चढलं तेव्हा खालची वस्ती सोडून गेले ते परत आलेच नाहीत. वारस नोंद, मग फेरफार, मग नोटिसा, मग एका चुलतभावाची हरकत, मग ती मागे घेणं. चौदा महिने. ऑनलाइन अर्ज करता येतो हे खरं, पण मृत्यूचा दाखलाच नसेल तर ऑनलाइन काय करणार? १९७४ साली वारलेल्या माणसाचा दाखला शोधायला मी ग्रामपंचायतीच्या कपाटातली वाळवी लागलेली रजिस्टरं दोन दिवस चाळली. सापडला. नाव चुकीचं.

बहिणीनं हक्कसोड दिलं नाही. गावात काहींना ते खटकलं. मला विचाराल तर तिनं का द्यावं? २००५ पासून कायद्यानं मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. आम्ही दोघांची नावं लावली, मोजणी करून घेतली आणि खुणेचे दगड रोवले. त्या दिवशी ती म्हणाली, "बाबा असते तर त्यांनी मला हे दगड धरूसुद्धा दिले नसते."

जमीन सरकारकडून पुनर्वसनात मिळालेली असेल तर सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' आहे का ते आधी बघा. परवानगीशिवाय ती विकता येत नाही. आमच्या भागात अशा जमिनी पुष्कळ.

-----

चिंचगुळ | रविवार, दुपारी ४:१०

सगळं पटलं, पण एक विचारते. वहिनींचं काय म्हणणं? अशा धाग्यांवर नवरे फार छान लिहितात.

-----

डोंगरकोपरा | रविवार, रात्री ९:०५

तिला तुमचा प्रश्न वाचून दाखवला. ती म्हणाली, "लिही की निर्णय तुझा आणि पाणी मी भरलं."

शब्दशः खरं आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, स्टुटगार्टला सातशेच्या आसपास. जुलै २०२१ मध्ये एकाच दिवसात महाबळेश्वरला जवळपास सहाशे मिलिमीटर झाला होता, म्हणजे तिथल्या वर्षाचा बहुतेक पाऊस इथे चोवीस तासांत. आणि तरीही एप्रिल उजाडला की आमच्या वाडीला पाण्याची ओरड. जांभ्यानं प्यायलेलं पाणी झऱ्यांतून दिवाळीपर्यंत खळाळतं, होळीपर्यंत ठिबकतं, मग संपतं. खालचा पाषाण पाणी धरत नाही. नजरेसमोर शिवसागर पसरलेला आणि घरात हंडा रिकामा. पहिल्या उन्हाळ्यात मी साताऱ्याला कागदांमागे पळत होतो, तेव्हा झऱ्यावर पहाटे चारला नंबर ती लावायची. वाटी वाटीनं हंडा भरायला पंचवीस मिनिटं. गावातल्या बायकांशी तिची ओळख तिथेच झाली. माझी अजून निम्म्या घरांशी नाही.

दुसऱ्या वर्षी छपराचं पाणी साठवायला दहा हजार लिटरच्या दोन टाक्या बसवल्या. पावसाळ्यात गरजच नसते म्हणून लोक हसले. यंदा मेमध्ये कुणी हसलं नाही. झऱ्याच्या वरच्या अंगाला चर खणायचं चाललंय, पण जेसीबीनं नाही, कुदळीनं आणि आप्पांना विचारून.

-----

कोयनाकाठ | सोमवार, सकाळी ७:१५

धागा वाचून थोडं हसू आलं, राग मानू नका. आमच्या पाटण तालुक्यात परत येणं यात नवं काही नाही. माझे वडील चौतीस वर्षं मुंबईत माथाडी होते. पाटणच्याच अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र आणलं, १९६९ला माथाडी कायदा झाला, म्हणून वडिलांना शेवटी फंड तरी हातात पडला. साठीला गावी आले तेव्हा 'केवढं धाडस' असं कुणी म्हणालं नाही. उलट पहिली दोन-तीन वर्षं गावकीच्या बैठकीत ते बोलायला उठले की लोक म्हणायचे, "मुंबईकर, तुम्ही बसा जरा."

मग एका वर्षी शाकारणीच्या दिवसांत शेजारच्या विधवा काकूंच्या घरावर चढून त्यांनी दोन दिवस कौलं चाळून दिली. त्यानंतर 'मुंबईकर' बंद झालं.

आणि दरडींचं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. जुलै २०२१ मध्ये आमच्या तालुक्यात मिरगाव, आंबेघरला काय झालं ते आम्ही पाहिलंय. आमच्याकडे भीती दुहेरी आहे. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपात आजोबांचं दगड-मातीचं घर बसलं होतं. आजी सांगायची, आधी कुत्री ओरडली, मग भांडी. तेव्हापासून आमच्या घरात उंच फळीवर जड भांडं ठेवत नाहीत. तुमच्या नव्या खोलीला आडवे पट्टे घेतलेत का?

-----

डोंगरकोपरा | सोमवार, दुपारी १:४०

राग कसला. जोतं, लिंटल आणि छप्पर, तिन्ही पातळ्यांवर काँक्रीटचे पट्टे घेतलेत. खोलीही मागे नाही, पुढे सोंडेवर काढली. गाडी रस्त्यालाच उभी राहते.

आणि हो, मलाही नाव पडलंय. 'जर्मन'. आप्पांना त्यात फार मजा वाटते. म्हणतात, "जर्मनचं पातेलं लवकर तापतं आणि लवकर निवतं." गेल्या वर्षी शाकारणीला मीही वर चढलो होतो, पण पाच कौलं फोडून खाली उतरलो. तेव्हा माझं नाव एवढ्यात सुटत नाही.

-----

परसदार | सोमवार, संध्याकाळी ६:२५

आरोग्याचं कुणी काढलंच नाही. माझे आईवडील ७० पार आहेत, मला सर्वात मोठी भीती तीच.

-----

कोयनाकाठ | सोमवार, रात्री ८:५०

भीती बरोबर आहे, ती घालवायचा प्रयत्न करू नका. आमच्या आईला दोन वर्षांपूर्वी पहाटे छातीत दुखायला लागलं. रस्त्यावर झाड आडवं. चौघांनी कोयत्या-कुऱ्हाडीनं पाऊण तासात वाट केली, तोवर आई गाडीत, तिच्या मांडीवर घरातला कंदील, कारण गाडीतला दिवा बंद पडलेला. कऱ्हाडला पोचायला साडेतीन तास. वाचली. पण डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. ज्यांना हृदयाचा, किडनीचा त्रास आधीपासून आहे त्यांनी पावसाळ्याचे तीन महिने खाली शहरात काढावेत. आमच्या गावात आता तीन घरं असंच करतात, लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

साप चावला तर कापू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे तर मुळीच नाही. चावलेला अवयव न हलवता सरळ दवाखाना. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं. जवळच्या आरोग्य केंद्रात ते आहे का हे मेमध्येच स्वतः जाऊन विचारून या. आपल्या जंगलातल्या हिरव्या चापड्यावर ते लागू पडत नाही, त्याच्यावर त्रासाप्रमाणे उपचार करतात. मण्यार रात्री अंथरुणात चावते आणि दुखतसुद्धा नाही. जमिनीवर झोपू नका, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.

-----

परसदार | सोमवार, रात्री ९:३०

धन्यवाद. हे प्रिंट काढून ठेवतो.

-----

रिकामाडबा | मंगळवार, सकाळी १०:००

अवांतर: सह्याद्री सोडून हिमाचलात जागा घ्यायची असेल तर?

-----

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी १०:४५

तिथे १९७२च्या कायद्याचं कलम ११८ आहे. हिमाचलात शेतकरी नसलेल्याला सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. महाराष्ट्रातला सातबारा तिथे चालत नाही. भाड्यानं राहा. आणि रिकामाडबा, तुमच्याकडे एवढे पैसे आहेत?

-----

रिकामाडबा | मंगळवार, सकाळी १०:५२

नाव वाचा की.

-----

सुगरणपक्षी | मंगळवार, रात्री ११:१५

एजंट बदलला. :) आता एकच राहिलं, मुलं. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे.

-----

डोंगरकोपरा | बुधवार, रात्री ९:४५

मुलगी आली तेव्हा दहाची होती. मराठी बोलायची, वाचायला अडखळायची, लिहिता अजिबात येत नव्हतं. पहिल्या वर्षी दर रविवारी तिकडच्या मैत्रिणींशी बोलणं झालं की ती तासभर माडीवर जाऊन बसायची. खाली आली की विचारायची, "आपण इथे कायमचे आहोत का?" मी दर वेळी 'बघू' म्हणायचो. मला वाटायचं आपण तिला मोकळं ठेवतोय. एक दिवस ती चिडून म्हणाली, "बघू म्हणजे काय? हो म्हण नाही तर नाही म्हण." त्या दिवशी 'हो' म्हटलं. ती रडली, पण माडीवर जाणं त्यानंतर कमी झालं. माझ्या हातून झालेल्या चुकांत जेसीबीनंतर हीच.

गावात जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत, पटावर पाच पोरं. ती पाचवीपासून अकरा किलोमीटरवरच्या हायस्कूलला एसटीनं जाते, मुलींना पास मोफत आहे. पावसात एसटी आली तर आली. जुलैमध्ये महिन्यातले आठ-दहा दिवस शाळा बुडतेच. गणित-विज्ञान आम्ही घरी घेतो. पाचगणीच्या निवासी शाळा तासाभराच्या अंतरावर आहेत, नातेवाइकांनी दहा वेळा सुचवल्या. पण पोरीला वसतिगृहातच ठेवायचं तर आम्ही गावी आलो कशाला? दहावीनंतर साताऱ्याला खोली घ्यावी लागणार हे मात्र आत्ताच धरून चाललोय. तिला डोंगर कायमचा गळ्यात बांधायचा नाही.

नोकरीचं विचाराल तर मी आठवड्याला वीस तास जुन्या कंपनीचं काम करतो. केबल तुटली की डोंगराच्या नाकावर जाऊन फोनची रेंज धरायची. पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस नसते आणि नेमकं तेव्हाच सौर पॅनेलला ऊन नसतं. बॅटरी दुप्पट घ्या. तिकडून आणलेली बुटं, कातडी पिशव्या, पदवीचं प्रमाणपत्र, सगळ्यांवर पहिल्या श्रावणात हिरवी बुरशी आली. प्रमाणपत्रावरची पुसली, त्यात माझं आडनावही गेलं.

-----

चिंचगुळ | बुधवार, रात्री १०:३०

शेती करता की नुसती बघता?

-----

डोंगरकोपरा | बुधवार, रात्री १०:४८

बघतो. वीस गुंठे नाचणी लावली होती, एका रात्रीत गव्यांनी बसून खाल्ली. बसून, अक्षरशः. सकाळी बसल्याचे आकार दिसत होते. पंचनामा झाला, भरपाई आली, ती बियाण्यात गेली. सध्या परसात वांगी आणि कढीपत्ता.

-----

परसदार | गुरुवार, सकाळी ९:१०

एवढं वाचूनही यावंसं वाटतंय. तुमच्या बाजूला चार दिवस राहून बघायचं तर कधी येऊ? डिसेंबरात सुट्टी आहे.

-----

डोंगरकोपरा | गुरुवार, दुपारी २:२०

डिसेंबरात या, चहा पाजतो, पण तो मुक्काम मोजू नका. राहून बघायचं तर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात या. घाटरस्ता चालू आहे का ते निघताना फोन करून विचारा. गमबूट आणा, टॉर्च आणा, जादा कपडे आणा कारण वाळत काहीच नाही. छत्री नको, इथल्या वाऱ्यात टिकत नाही. आप्पांकडे दोन इरली आहेत, एक तुम्हाला देतील. झोपायला पुढच्या पडवीत.